एकाच सुराच्या दोन तारा

विटांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले कपितोन लुकिच बावीस वर्षं गावच्या क्लबात बालालाइका या रशियन तंतुवाद्यांचा वाद्यवृंद चालवत होते. वाजवणारे चौदा, आणि प्रत्येकाच्या तारा झिजलेल्या. यंदा नव्या तारांसाठी अनुदान मिळालं नाही, तर क्लब त्यांची खोली बिलियर्डला देणार होता.

संस्कृती खात्यातल्या अलेवतीना रोमानोव्हनांनी अर्ज वाचून चष्मा काढला.

"बालालाइकेला तारा तीन, आणि त्यातल्या दोन एकाच सुराच्या? मग एक गाळा की, कपितोन लुकिच! खर्च एक तृतीयांश कमी."

"दोन्ही कानांना एकच ऐकू येतं, म्हणून तुम्ही एक कान गाळलात का हो?"

"ऑफिसात थट्टा नको. वर मला उत्तर द्यावं लागतं."

कपितोन लुकिच उठले. गवसणीतून तिकोनी बालालाइका काढून त्यांनी लग्नातल्या नाचाची एक धून वाजवली. बाईंचं पाऊल टेबलाखाली ठेका धरू लागलं. मग त्यांनी त्या दोन सारख्या तारांपैकी एक सैल केली आणि तीच धून पुन्हा वाजवली. सूर तेच होते, पण नवरी निघून गेल्यावरच्या मांडवासारखे.

"पुरे!" बाई म्हणाल्या. "ती तार आधी चढवा. ऐकवत नाही. आणि कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

"जे ऐकलंत तेच लिहा."

बाईंनी क्षणभर पेन चावलं, 'तांत्रिक गरज' असं लिहिलं आणि मंजुरीचा शिक्का मारला.