गंजीवरून पडलेला निंगप्पा

बीदर भागातल्या मेहकरच्या निंगप्पाने रचलेली कडब्याची गंजी वादळातही ढळत नसे. पेंढीला पेंढी, थरावर थर. देवाने त्या हातांना ते देणे दिले होते. त्याच हातांना शिंदीच्या मडक्याची ओढही होती. सज्जनहो, त्या ओढीपायी त्याचा तिरस्कार करू नये. ओढ कोणाला नाही?

निजामावरच्या पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या तिसऱ्या वर्षी, भर दुपारी, शिंदी पिऊनच तो गंजीवर चढला आणि दोन पुरुष उंचीवरून पाठीवर पडला. खाली त्याचा जिवलग अंकुशराव उभा होता. पाय हलत नाहीत, असे निंगप्पा म्हणाला, माणसे हसली.

"शिंदी बोलायलीय," अंकुशराव म्हणाला. काखेत हात घालून त्याने मित्राला उभे केले, चार पावले ओढत चालवले. प्यालेल्याला आपली वेदना धड कळली नाही, पाहणाऱ्यांना दुखापत दिसली नाही.

बीदरच्या डॉक्टरांनी त्याच्या पत्नीला, निलम्माला, सांगितले की पडल्याने मणका मोडला, पण उभे केल्याने आतला मज्जारज्जू अधिक चिरडला असावा. आता पाय परत येणार नाहीत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दिवसातून अनेकदा कूस बदलावी लागेल.

एकट्या निलम्माला तो देह हलेना. अंकुशराव मात्र तिन्ही त्रिकाळ येई, लेकरासारखे त्याला वळवी. अशी सेवा देवळातही क्वचित दिसते. म्हणून निलम्मा नवऱ्याला विनवी, डॉक्टरांचे बोलणे अंकुशअण्णांना सांगू नका. ते यायचे थांबले तर तुमची पाठ सडेल.

वर्षभर निंगप्पा गप्प राहिला. पुन्हा सुगी आली, पुन्हा गंज्या चढू लागल्या, आणि त्याला ते मौन सोसवेना.

"अंकुशा, मला उभं करायला नको होतं रं. डॉक्टर तसंच म्हणले. शिंदी मी पिलो, पडलो बी मीच. तुझा दोष न्हाई. पण उद्या कुणी पडला तर पिलाय म्हणून उचलू नगंस. फळीवर निजवून ने."

अंकुशराव उठून गेला. चार दिवस आला नाही. कूस बदलायला शेजारणींना हाका मारून निलम्मा थकली. निंगप्पाच्या कमरेवर लाल डाग उमटला. तरी 'कामून सांगितलंत' असे तिने विचारले नाही.

पाचव्या दिवशी अंकुशराव दारात उभा राहिला. चार गावांची खळी फिरून, प्रत्येक खळ्यावर आपली चूक आपल्या तोंडाने सांगून तो आला होता. त्याने हात धुतले, तो डाग पाहिला, डोळे पुसले.

"निंगण्णा, कुठल्या कुशीवर घेऊ?"