पिंपळाला पेन्शन लागली

सन दोन हजार तेवीस. माझं वय अडुसष्ट.

"काका, बघ, झाडालासुद्धा पेन्शन लागली. तुला काही लागली नाही!"

धाकटे साहेब असं म्हणाले आणि सगळे हसले. खुर्च्यांवरचे पाहुणे हसले, फोटोवाला हसला, सरकारी साहेबाला मराठी कळत नव्हतं तरी तोही हसला. मी लाडवांचं ताट धरून उभा होतो. मीही हसलो. ते हसू अजून माझ्या तोंडाला चिकटलेलं आहे. धुतलं तरी जात नाही.

फरीदाबादच्या बाहेर, अरवलीच्या कडेला साहेबांची शेतजमीन आहे. घर दिल्लीत. तीन पिढ्या दिल्लीत काढलेलं मराठी घराणं. शनिवार-रविवार शेतावर येतात. बाकी दिवस तिथं मी आणि माझी बायको सगुणा. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो. पुढं दगड फोडले. ब्याऐंशी साली दिल्लीत मोठमोठी बांधकामं चालली होती, तेव्हा मुकादमाबरोबर जालन्याकडून आलो. तिथं थोरल्या साहेबांनी, म्हणजे धाकट्यांच्या वडिलांनी, मला सगुणाशी बोलताना ऐकलं. "मराठी का रे तू?" म्हणाले. तेवढ्यावर शेतावर घेऊन आले. परमुलखात आपल्या भाषेचा माणूस भेटला म्हणून मी खूश. भाषा एक होती. पण चहाला ते ओट्यावर बसायचे, मी ओट्याखाली.

शेताच्या कोपऱ्यात पिंपळ आहे. आम्ही आलो त्याच्या कितीतरी आधीचा. सरकार आता अशा म्हाताऱ्या झाडांना पेन्शन देतं. ज्याच्या जमिनीत झाड, त्याच्या खात्यात पैसे. का, तर त्यानं झाड जपलं म्हणून, आणि पुढंही जपावं म्हणून.

ते कुणी जपलं आणि का जपलं, ते मी सांगतो.

आमची नंदा दीड वर्षाची असताना तापानं गेली. शेजारच्या गावात लहान पोरं पुरायची जागा होती. मी तिला उचलून तिथं गेलो. एक म्हातारा खाटेवरून न उठता म्हणाला, "बाहर के हो. जात क्या है?" मी सांगितली. "तो यहाँ नहीं." पोर तशीच माझ्या हातात. मागं फिरलो. थोरले साहेब म्हणाले, "पिंपळाखाली पुर. पण खूण ठेवू नकोस. दगड नको, शेंदूर नको. चार लोक येतात इथं."

मी खूण ठेवली नाही.

पण नंदाची एक सवय होती. झोपेत तोंडावर पांघरूण आलं की घाबरायची. हातपाय झाडायची, किंचाळायची. तिच्यावर माती लोटताना माझ्या डोळ्यांपुढं तेच होतं. अजून आहे. म्हणून मी तिथली माती कधी घट्ट होऊ दिली नाही. रोज खुरप्यानं मोकळी केली. उन्हाळ्यात बादल्या ओतल्या. तिथं गुरं बांधू दिली नाहीत, कुणाला गाडी लावू दिली नाही. विजेच्या तारांसाठी फांद्या तोडायला आलेल्या माणसांच्या अंगावर धावून गेलो. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला झाडाचं वेड आहे. कसलं वेड? मी पोरीच्या तोंडावरचं पांघरूण काढत होतो. झाड त्यात जगलं.

थोरले साहेब वारले. पेन्शन मंजूर झाली तेव्हा धाकट्या साहेबांच्या मनात आलं, पाटी लावायला सरकारी माणसं येणार, फोटो निघणार, तर झाडाला छानसा पार बांधू. पार बांधायच्या दिवशी मला दिल्लीला पाठवलं. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाऊसवर पुण्याचे पाहुणे उतरले होते, त्यांचं सामान उचलायला. संध्याकाळी परत आलो, तर बुंध्याला भिडून सिमेंट. वर पांढरी फरशी. चौकोनी, गुळगुळीत, कुठं फट नाही. गळ्यापर्यंत पुरलेल्या माणसासारखा पिंपळ दिसत होता.

सकाळी सवयीनं बादली घेऊन गेलो. पाणी फरशीवरून घसरून बाहेर गेलं. आत थेंब नाही. मी गुडघे टेकून फरशीला कान लावला. काय ऐकायला लावला, मला माहीत नाही. काहीच ऐकू आलं नाही. त्यानं जास्त घाबरलो.

साहेबांकडे गेलो. म्हणालो, "साहेब, खाली माझी पोर आहे."

"अच्छा, ते!" फोनमधून वर न बघता ते म्हणाले. "अरे काका, चाळीस वर्षं होत आली त्याला. हाडंसुद्धा राहिली नसतील. आणि बघ ना, किती मस्त झालंय! एक प्रकारे तिचं स्मारकच झालं, यार."

काका म्हणायचं आणि अरे-तुरे करायचं. ह्याला मी खांद्यावर घेऊन शेतभर फिरवलाय.

मग तो पाटीचा दिवस. सरकारी साहेबानं विचारलं, "पेड़ की देखभाल कौन करता है?"

माझं पाऊल आपोआप पुढं पडलं. मी काही ठरवलं नव्हतं. विचारलं, तर ज्यानं केलं तो पुढं येणार.

"पहले पिताजी करते थे, अब मैं करता हूँ," धाकटे साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून, दबक्या आवाजात, "बाजूला हो. फोटोत येतोयस."

मी बाजूला झालो.

पाटी लागली. साहेबांचं नाव लागलं. बाईसाहेब टाळ्या वाजवत म्हणाल्या, "चलो, सगळे वर चढा! ग्रुप फोटो!" सगळे बुटांसकट पारावर चढले. पाहुण्यांची पोरं वरून उड्या मारायला लागली. धप. धप. प्रत्येक धपला माझ्या हातातलं ताट हलत होतं. त्यावर साहेबांची नजर गेली आणि त्यांनी तो पेन्शनचा विनोद केला.

खोलीवर परतलो, तर सगुणानं चूल पेटवली नव्हती. भिंतीला टेकून बसली होती. इतकी वर्षं आमच्या घरात पोरीचं नाव कुणी घेतलं नव्हतं. मीही नाही, तिनंही नाही.

"अवो," ती म्हणाली, "नंदाला कोंडलं त्यांनी."

मी चुलीपुढं बसून काटक्या मोडायला लागलो.

"आणि तुमी हसलात."

मला कुणी जोड्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी माझी पोर सिमेंटखाली घातली, तिला जपताना जगलेल्या झाडाची पाटी स्वतःच्या नावानं ठोकली, मला फोटोतून काढलं. आणि मी? ताट सांभाळलं. चाळीस वर्षांत मी त्यांच्यापुढं मान वर केली नाही, कारण डोक्यावर छप्पर होतं आणि पिंपळ जवळ होता. आता पिंपळाखाली काय उरलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार काढली. अंधारात लपून करायचं नव्हतं. सगळे व्हरांड्यात चहाला बसेपर्यंत थांबलो. मग पारावर चढलो आणि मारली. पहिल्या घावाला फरशीला तडा गेला. तरुणपणी दगड फोडलेले हात आहेत.

"काका! वेडा झालास का?" साहेब धावत आले. "किती खर्च केलाय त्यावर!"

मी दुसरा घाव घातला.

"आमच्या अन्नावर जगलास आणि हे?" बाईसाहेब.

"राबून खाल्लं," मी म्हणालो.

"पोलिसांना बोलवीन," साहेब म्हणाले.

"बोलवा. कालच्या सरकारी साहेबालाही बोलवा. सगळ्यांना सांगतो. खाली नंदा आहे. माझी मुलगी."

तिचं नाव मी त्या अंगणात पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं. पाहुणे कपबशा धरून उभे.

"खोली आजच्या आज रिकामी कर!"

"करतो. फाटकाबाहेर राहीन. तुम्ही पुन्हा सिमेंट टाका, मी पुन्हा फोडीन. मी मरेपर्यंत इथली माती उघडी राहील."

सगुणा घमेलं घेऊन आली. साहेबांच्या समोरून गेली, पदर खोचला, खाली वाकली आणि फुटलेल्या फरशीचे तुकडे भरायला लागली.

मी पुन्हा पहार उचलली.