शेवटची पाच मिनिटं

मोठ्यांच्या संघाकडून फुटबॉलचा पहिला सामना खेळलो तेव्हा मी अकरावीत होतो. खेळलो म्हणजे काय, शेवटची पाच मिनिटं मैदानात होतो. बॉल एकदाच माझ्या पायाला लागला, तोही बाहेर जाता जाता.

रोज सकाळी राहुरीहून एसटीनं नगरला कॉलेजला यायचं, संध्याकाळी क्लबच्या मैदानावर सराव करायचा आणि अंधार पडता पडता परतायचं, असं माझं चाललं होतं. आमचे कोच लष्करातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सर म्हणायचे. शाळेच्या स्पर्धेत त्यांनीच मला हेरलं होतं. डाव्या पायानं असा बॉल मारणारं दुसरं पोरगं जिल्ह्यात नाही, असं ते चारचौघांत सांगायचे. त्यामुळे लीगच्या सामन्यासाठी मोठ्यांच्या संघात माझं नाव लागलं, तेव्हा साखर कारखान्यात फिटर असलेल्या माझ्या वडिलांनी पाळी बदलून घेतली. सोबत दोन दोस्तांना आणलं. लग्नाकार्याला घालायचा पांढरा शर्ट घालून ते मैदानाच्या कडेला उन्हात उभे राहिले.

मी बाकावर बसून होतो. दर थोड्या वेळानं वडील माझ्याकडे पाहायचे आणि मी बुटाच्या नाड्यांकडे. शेवटी सरांनी बोट केलं आणि मी धावत आत गेलो. घाम यायच्या आत शिट्टी वाजली.

परतीच्या एसटीत वडिलांचा एक दोस्त म्हणाला, "बॉल तरी दिला का रं तुला, का नुसतंच पळवलं?"

दोघं हसले. वडीलही त्यांच्याबरोबर हसले. माझ्यावर कुणी हसलं तर जो माणूस भांडायला उठायचा, तो त्या दिवशी हसला. ते हसणं मी सरांच्या खात्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला जवळ घेऊन समजावलं. "नव्या पोराला पहिल्यांदा एवढंच द्यायचं असतं. मोठ्या माणसाची लाथ बसली तर हाड मोडेल तुझं. हळूहळू वाढवू."

मी विश्वास ठेवला. पण पूर्ण हंगाम संपला तरी काही वाढलं नाही. आम्ही जिंकत असू किंवा हरत असू, माझ्या वाट्याला शेवटचीच मिनिटं यायची. वडिलांनी पुन्हा पाळी बदलली नाही. घरी विचारायचे, "आज खेळलास का?" मी म्हणायचो, "खेळलो." मग ते पुढं काही विचारायचे नाहीत.

पुढच्या हंगामात सरांचा भाचा पुण्याहून मामाकडे राहायला आला. माझ्याच वयाचा, माझ्याहून बारीक. त्याचा पहिला सामना होता, आणि तो पहिल्या शिट्टीपासून बचावात उजव्या बॅकला खेळला. दोनदा त्यानं समोरच्याला आयता बॉल दिला, एकदा त्याच्यामुळे आमच्यावर गोल झाला. सर कडेवरून ओरडत राहिले, "शाब्बास, होतं असं!" शेवटपर्यंत त्याला बाहेर काढलं नाही. मी बाकावरच होतो.

सामना संपल्यावर मी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, याची हाडं पक्की झाली का?"

ते म्हणाले, "बाकावर बसायचं नसेल तर रस्ता मोकळा आहे."

मी त्याच संध्याकाळी तो रस्ता धरला. एमआयडीसीतल्या कामगारांचा एक संघ होता. त्यांना धड जर्सी नव्हत्या, बूट फाटके होते. त्यांचा कॅप्टन लेथवर काम करायचा. मी त्याला सांगितलं, मला खेळायचंय.

"किती खेळशील?"

"पूर्ण."

"मग पूर्ण खेळ. दमलास तर वरड."

पहिल्याच सामन्यात माझ्या पोटऱ्या आखडल्या, नडगीतून रक्त आलं. मी ओरडलो नाही. त्या संघात माझ्याएवढ्याच एका पोराचा गुडघा खरोखर गेला, हेही मी पाहिलं. म्हणजे सरांचा नियम चुकीचा नव्हता. तो फक्त माझ्यासाठी होता, ही माझी तक्रार होती आणि आजही आहे.

वर्षभर मी एकाच माणसाच्या तयारीत होतो. मी डाव्या बाजूनं खेळायचो, म्हणजे समोर सरांचा भाचा येणार. त्याची नजर बॉलवरून हलत नाही, हे मला सरावातच कळलं होतं. बॉल आत ढकलल्यासारखं करून बाहेरून निघायचं, एवढं एकच मी रोज घोटलं.

लीगच्या उपांत्य सामन्यात गाठ पडली. या वेळी मीच वडिलांना म्हणालो, "या. अन् त्या दोघांनाही आणा."

पहिला गोल मी भाच्याला बाहेरून चुकवून मारला. दुसऱ्या वेळी तो अंदाजानं बाहेर धावला, तेव्हा आतून. मध्यंतरही झालं नव्हतं. सरांनी हात वर करून भाच्याला बाहेर बोलावलं. मान खाली घालून तो चालत गेला आणि मी ज्या बाकावर बसायचो तिथं बसला. मी मुद्दाम कॉर्नरच्या झेंड्याशी थांबून ते पाहून घेतलं.

सामना आम्ही जिंकला. लोक जमले तेव्हा सर माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शेवटी पोरगं माझंच. मीच घडवलंय याला."

मी त्यांचा हात खांद्यावरून काढला. "तुमचं असतो तर पहिल्या दिवसापासून खेळलो असतो."

वडील मागून आले आणि म्हणाले, "चल, उशीर हुतोय." पण निघताना त्यांनी सरांना नमस्कार केला नाही. मोठ्या माणसाला नमस्कार न करता निघालेले वडील मी पहिल्यांदा पाहिले.

पुढे बऱ्याच महिन्यांनी माळीवाड्याच्या बसस्थानकावर भाचा भेटला. फुटबॉल सोडून पुण्याला परत चालला होता. त्याच्याशी माझं काहीच भांडण नव्हतं. आम्ही चहा घेतला. तो म्हणाला, "त्या दिवशी मामा जेवले नाहीत. नंतर कितीतरी दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत."

मी आणखी एक चहा मागवला आणि त्याला म्हणालो, "पुन्हा सांग. नीट, पहिल्यापासून सांग."