दोन्ही बाजूंचा माणूस

बारामतीत भिगवण रस्त्याला, रसवंती आणि मोबाइल दुरुस्तीच्या मधल्या गाळ्यात महिपतीआप्पा बसतात. गाळ्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि आप्पांचं पोट एवढंच मावतं. पाटी मात्र गाळ्यापेक्षा रुंद आहे: 'घर, प्लॉट, जमीन. दोन्ही बाजूंचं समाधान.'

आप्पा मूळचे सांगवीचे. पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत ते गुरांच्या बाजारात दलाली करायचे. तिथं भाव तोंडानं होत नाही. दोघंजण टॉवेलाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. गुरं सोडून आप्पा घरांकडे वळले, तेव्हा टॉवेल आणि बोटं सोबत घेऊनच आले. अजूनही घर दाखवताना ते भिंतीवर अशी थाप मारतात, की भिंतीनं शेपूट हलवावी.

चंद्राबाईंचं घर त्यांच्याकडे विकायला आलं ते गेल्या दिवाळीनंतर. चंद्राबाईंचे मालक साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते; ते जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी निकिता इंदापूरला दिलेली. तिच्या जवळपास, पण स्वतःच्या घरात राहायचं, असं बाईंच्या मनात.

"डॉक्टर आन् एजंट, दोघांपासून काय लपवायचं न्हाय, वहिनी," आप्पा म्हणाले. "खरा आकडा सांगा."

बाईंनी आजूबाजूला कुणी नाही ना, ते पाहिलं. "चाळीस लाख आलं तर इंदापुरात माझ्या दोन खोल्या व्हतात. सांगताना बेचाळीस सांगा. अगदीच कुणी न्हाय आलं, तर छत्तीसला देऊन टाकीन आन् जावयाच्या घरात कोपरा बघीन. पण ही गोष्ट तुमच्यात न् माझ्यात."

"माझ्या पोटात राहील," असं म्हणून आप्पांनी पोटावर हात ठेवला. जागा भरपूर होती.

आठवड्यानं गिऱ्हाईक आलं. अंथुर्ण्याचे आबासाहेब आणि त्यांची बायको सारजाबाई. डाळिंबाची बाग, पोरगं बारामतीत शाळेला घालायचं, म्हणून घर हवं होतं. त्यांनी घर बघितलं, गच्ची बघितली, मोटर चालू करून बघितली. मग सगळे सतरंजीवर बसले. बाईंनी बेचाळीस सांगितले. आबासाहेब काही बोलेनात. चहा झाला तरी बोलेनात. आणि एकदम गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.

दोन्हीकडची दलाली चपला घालून निघाली, असं आप्पांना दिसलं. त्यांनी "बसा हो, आबासाहेब," म्हणत त्यांचा हात धरला. टॉवेल खांद्यावरून कधी घसरला आणि खालची बोटं कधी बोलली, ते आप्पा म्हणतात त्यांनाही कळलं नाही. आधी तीन बोटं, मग पाच आणि वर एक. आबासाहेबही बाजार फिरलेले. त्यांनी आप्पांकडे पाहिलं, खाली बसले, खाकरले आणि म्हणाले, "छत्तीस. वर एक रुपाया न्हाय."

चंद्राबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पा छताच्या पंख्याकडे बघत होते.

"आता ह्येच आलंय तर," बाई हळूच म्हणाल्या. "द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी विसार पावती करायचं ठरलं. पाहुणे गेले. आप्पाही निघाले, तर बाईंनी त्यांना थांबवलं. आतून जावयासाठी आणून ठेवलेला नवा टॉवेल आणि टोपी घेऊन आल्या. आप्पांच्या कपाळाला कुंकू लावलं, टॉवेल-टोपी त्यांच्या हातात दिली.

"तुमचा सौदा मोडला तर तुमाला काय? दुसरं घर इकाल. पण तुमी त्यांचा हात धरून बसवलंत. मालक गेल्यापासून माझ्या बाजूनं बसलेलं पयलंच माणूस बघितलं, आप्पा."

आप्पांना टोपी घालावीच लागली. स्कूटरवरून घरी जाईपर्यंत चौकाचौकात लोक विचारत होते, "आप्पा, सत्कार कुठं झाला?" एरवी आप्पांनी गाडी थांबवून सत्काराचं भाषणही केलं असतं. त्या दिवशी त्यांनी नुसता हॉर्न वाजवला. जेवताना त्यांना भाकरी जाईना. पोटात पहिल्यांदाच जागा कमी पडली होती.

सकाळी सगळे पुन्हा त्याच सतरंजीवर जमले. आबासाहेबांनी विसाराचं पाकीट काढलं. आप्पांनी ते अडवलं.

"थांबा. वहिनी, छत्तीस मीच त्यास्नी सांगितलं. टॉवेलाखालनं."

बाईंना आधी समजलंच नाही. आप्पांना ते सगळं सांगावं लागलं, बोटं दाखवून. एरवी तासभर बोलणाऱ्या माणसाला तीन वाक्यांना घाम फुटला.

"मग तुमी माझं व्हता का त्यांचं?" बाईंनी विचारलं.

"दोघांचा. दोघांकडनं घेतो मी."

"म्हंजी कुणाचंच न्हाय," बाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही, हे वाईट. "छत्तिसात मला जावयाच्या घरात कोपरा बघावा लागंल, ते ऱ्हाऊ द्या. मला एवढंच पायजे व्हतं. मी सांगितलेलं आत ठेवावं, त्यांनी म्हटलेलं मला मोकळं सांगावं. मी काय बाजारातली म्हस हाय व्हय, माझ्या देखत माझा भाव झाकून करायला?"

"वहिनी, आबासाहेब उठून निघाले, म्हणून मी…"

"कोण निघालं?" आबासाहेब म्हणाले. "माझ्या पायाला मुंग्या आल्या व्हत्या! घर कालच पसंत पडलंय. चाळिसाची तयारी ठेवूनच आलो व्हतो."

कुणीच हसलं नाही. एरवी या वाक्यावर सगळ्यात आधी आप्पा हसले असते.

सारजाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "ह्यांना लेकीच्या दारी कोपऱ्यात बसवायचं, आन् ह्यांच्या घरात आपलं पोरगं शिकवायचं व्हय? काय ते तोंडानं बोला."

आबासाहेबांनी एकदा मान खाजवली आणि चाळीस म्हणाले. तोंडानं, मोठ्यानं.

पावती झाली. आबासाहेब आणि सारजाबाई गेले. आप्पा चपला शोधत घुटमळत होते, की बाई काहीतरी बोलतील. शिव्या दिल्या असत्या तरी त्यांना बरं वाटलं असतं.

"इंदापूरचं घर आमी आमचं बघू, आप्पा," बाई म्हणाल्या. "पण निकिताला जरा सांगा, तितल्या एजंटाला काय काय इचारायचं. तुमच्याएवढं कुणाला ठावं असणार?" त्यात टोमणा नव्हता. त्यांनी खरोखरच फोन लावून आप्पांच्या हातात दिला.

आप्पा उंबऱ्याशी उभ्या उभ्या सांगू लागले. "दलाली कुणाकुणाकडनं घेतो, ते आधी इचार. आपला शेवटचा आकडा समोरच्याला सांगणार न्हाय, असं लिहून घे. घाई केली तर का करतोस, म्हणून इचार. भाव बोलताना आईला शेजारी बसव, आन् सगळं मोठ्यानं बोलायला लाव."

निकिता पलीकडं लिहून घेत होती. मग तिनं विचारलं, "काका, आणि तो ह्या सगळ्याला हो म्हणाला, तर खरं बोलतोय हे कसं ओळखायचं?"

आप्पांनी चंद्राबाईंकडे पाहिलं. त्या सतरंजी झटकत होत्या.

"ते मला न्हाय सांगता यायचं, बाळ," आप्पा म्हणाले, आणि फोन बाईंना परत दिला.