थोरली, धाकटी आणि कानमिस्त्री

आमचे कानमिस्त्री डोळे मिटून गाडी दुरुस्त करायचे. देवरीच्या बसस्टँडमागे त्यांचं टिनाचं दुकान होतं. मी तेव्हा चिचगडला शिक्षक होतो आणि सासऱ्यांनी हौसेने दिलेली दोन सिलिंडरची जुनी मोटारसायकल चालवत होतो. दोन सिलिंडर म्हणजे पेट्रोलात हवा मिसळणारे दोन कार्बुरेटर, म्हणजेच डोक्याला दुप्पट ताप. बाकीचे मिस्त्री ती गाडी दिसली की चहाला निघून जात.

कानमिस्त्री मात्र दोन रबरी नळ्या घेऊन पुढे यायचे. एका नळीचं टोक उजव्या कार्बुरेटरच्या तोंडाशी आणि दुसरं उजव्या कानात. डावीकडे दुसरी नळी, तशीच. जागेवर उभी गाडी पुटपुटत असायची. दोन्ही कानांत हवेचा फुसकारा एकसारखा येईपर्यंत कार्बुरेटरचे स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे.

उजव्या कार्बुरेटरला ते थोरली म्हणत, डाव्याला धाकटी. "एका चुलीवरच्या जावा हायेत ह्या, गुरुजी. एकीच्या ताटात जरासं जास्त पडलं का दुसरी फुगून बसते."

घाई करणाऱ्याची खैर नसायची. एकदा मी किक मारल्या मारल्या स्क्रूला हात लावा म्हणालो, तर त्यांनी मला हायवेवर चक्कर मारायला पिटाळलं. "थंड्या इंजनाचं आयकू नये जी. झोपेतला माणूस काईबी बडबडते." हे वाक्य मी पुढे वर्गातही वापरलं, सकाळच्या पहिल्या तासाला.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास माझी गाडी बिघडली. धावायची नीट, पण शाळेच्या फाटकाशी थांबली की लंगडायला लागायची. मिस्त्रींनी तीनदा स्क्रू फिरवून लावून दिली, तीनदा तेच. "पेट्रोलात भेसळ हाये," ते म्हणाले आणि मी मान डोलावली. तेवढ्यात तशीच लंगडणारी गाडी घेऊन आमगावचा एक जण तणतणत आला. "मिस्त्री, अब कान बदल लो!" सगळे हसले. मीही हसलो. मिस्त्री हसले नाहीत.

तो गेल्यावर मी त्यांच्या डाव्या बाजूला उभं राहून पाना मागितला. दोनदा मागितला, तिसऱ्यांदा जरा ओरडून. उत्तर नाही. उजवीकडे आलो तर ते दचकले. "कवा आले जी?"

मी हळूच विचारलं, "मिस्त्री, डावा कान?"

त्यांनी फडक्याला हात पुसले. "कोनाले सांगू नका जी. कानमिस्त्रीचाच कान गेला म्हनल्यावर कोन येईल इथं? आता काय पंक्चर काढत बसू?"

मघाचं माझं हसणं मला फार लागलं. डाव्या कानात आवाज बारीक यायचा, म्हणून ते दर वेळी धाकटीला जास्त उघडून देत होते. बिचाऱ्या थोरलीची उपासमार होत होती आणि दोष पेट्रोलला.

मिस्त्री दोन्ही नळ्या मांडीवर घेऊन बसले. अचानक म्हणाले, "गुरुजी, घरात जावा दोन असल्या, तरी सासू कितीक राहते?"

"एकच."

"अन् मी दोन बसवून रायलो! एक सासू भयरी, तिनं कायचा न्याय करावा?"

त्यांनी डावी नळी बाजूला टाकली. उरलेली उजव्या कानात धरली आणि तिचं टोक थोरलीकडे, मग धाकटीकडे, पुन्हा थोरलीकडे नेऊ लागले. पूर्वी दहा मिनिटांचं काम, त्या दिवशी तासभर चाललं. शेवटी गाडी अशी एकसारखी बोलायला लागली की मिस्त्रींनी डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. माझेही होते, कशाला लपवू?

पुढच्या आठवड्यात आमगाववाला आला. त्याचीही गाडी एकसारखी बोलायला लागली, तेव्हा तो वाकून ऐकत राहिला. "वही कान है," मिस्त्री म्हणाले. त्यानंतर डाव्या कानाचं ते स्वतःच सगळ्यांना सांगायला लागले, वर सासूचा किस्सा जोडून.

माझी बदली झाली, तेव्हा त्यांनी ती डावी नळी माझ्या हँडलला बांधली. "तुमी ठेवा जी. मले आता कामाची नाई."

गाडी अजून माझ्याकडे आहे, आणि तिचे कार्बुरेटर लावतोही मीच. माझे दोन्ही कान शाबूत आहेत. तरी त्या जावांचं मी एकाच कानाने ऐकतो.