बोटीवरची राखण

सापगावचा एक भातशेतकरी माझ्याबरोबर खाडीच्या मुखाशी सर्वेक्षणाला यायचा. तिथं भरती-ओहोटीवर वीज बनवायचं घाटत होतं. त्याआधी पक्षी आणि डॉल्फिन मोजायचे. जे दिसणार नाही ते तिथं नाहीच, असं धरलं जाणार होतं.

पहिल्याच दिवशी समोर कुरव पक्ष्यांचा थवा उतरला आणि हा शेत राखायच्या सवयीनं ओरडला, "हाऽऽ हूऽऽ!" सगळा थवा उडाला.

दुसऱ्या दिवसापासून तो तोंडाला पंचा बांधूनच बोटीत बसे. उलटी झाली तरी चूळ भरून पुन्हा बांधी.

"सोडा की आता," मी म्हणायचो.

"नाय साहेब. तोंडाचा भरवसा नाय."

शेवटच्या दिवशी बोटीलगत डॉल्फिनची मादी पिल्लासकट वर आली. मी आनंदानं किंचाळलो. मायलेकरं पाण्यात गडप झाली.

त्यानं शांतपणे पंचा सोडला आणि माझ्या हातात दिला.