पदरातला दहीभात

माझ्या दिवसाला तेव्हा तीन धनी होते. सकाळी चरखी, दुपारी सासूबाई आणि दिवेलागणीला देव. चरखी म्हणजे कापसातून सरकी काढायचं लाकडी यंत्र. एका हातानं कापूस चारायचा, दुसऱ्यानं दांडा फिरवायचा. सासूबाईंचे डोळे गेलेले, तेव्हा ताटात भाकर कुठं आणि वरण कुठं हे सांगत शेजारी बसावं लागे. देव मात्र कधी घाई करत नसे, म्हणून सगळ्यात कमी वेळ त्याच्याच वाट्याला येई. हे मी तेव्हाही बोलून दाखवायची. त्यात लपवायचं काय?

आमचं गाव मूर्तिजापुराहून अमरावतीला जाणाऱ्या गाडीवाटेवर. गावात आमच्या पंथाची घरं अगदी थोडी. एकच परमेश्वर मानायचा, शेंदूर लावलेल्या दगडापुढं हात जोडायचे नाहीत आणि दुसऱ्या कुठल्या देवाचा नैवेद्य तोंडात घालायचा नाही, ही आमची शिस्त. वर्षातून एकदा रिद्धपुराकडून एक म्हातारे बाबा येत. ते मला म्हणाले होते, "तुले अक्षर येते, तुई ओसरी मोठी हाय. बायाईले घेऊन बसत जा." अक्षर मला कुणी शिकवलं नव्हतं. पोथी ऐकून ऐकून पाठ झाली आणि पाठ झालेल्या ओळींवर बोट फिरवता फिरवता अक्षरं ओळखीची झाली. एवढ्या भांडवलावर मी पाच बायांची पुढारीण झाले होते.

त्या पाचांत एक मोर्शीची होती. माहेर मोर्शीचं, म्हणून सगळा गाव तिला मोर्शीवालीच म्हणे. नवरा पटकीत गेलेला, पदरात एक लहान मुलगी. तिचा गळा असा, की तिनं आरती उचलली की रस्त्यानं जाणारा गाडीवान बैल थांबवी. मी पोथी वाचायची, पण बाया यायच्या तिच्या गळ्यासाठी. मला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नसे.

आणि मग कापसाला तो भाव आला. समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई लागली म्हणे आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचं मोल आलं. पाटलांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या. जो तो कपाशी पेरू लागला. ज्वारी पेरायला कुणाला सवड? मग ज्वारीही महाग झाली. ज्यांच्या घरी कपाशी होती त्यांना भाव, आणि ज्यांच्या घरी फक्त पोट होतं त्यांना महागाई. माझा मालक, म्हणजे नवरा, गाडी घेऊन अकोल्याकडं कापूस वाहायला गेला की महिना महिना परतत नसे.

मोर्शीवालीचं पोट वेचणीवर. वेचणीची मजुरी कापसातच मिळे. वेचलेल्यातला वाटा घरी आणायचा आणि वाण्याला घालायचा. अशा भावात तो वाटा म्हणजे वर्षाची ज्वारी. पण वेचणीआधी शेतात सीतादही करतात. पाच पांढरे खडे मांडायचे, हळद-कुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. थोडा भात चहूकडं शिंपायचा, उरलेला सगळ्या वेचणाऱ्यांनी तिथंच बांधावर खायचा आणि मगच पहिल्या बोंडाला हात लावायचा. आमच्या बाया दरवर्षी तो पहिला दिवस चुकवून दुसऱ्या दिवशी कामावर जात. कुणी काही म्हणत नसे. त्या वर्षी मात्र पाटलीणबाईंनी निरोप फिरवला, "पयल्या दिवशी जे येनार नाई, तिनं मंग येऊच नाई." भाव वाढला तशी भीतीही वाढली होती. कुणाच्या पायानं बरकत जाईल, याचा नेम काय?

मोर्शीवाली माझ्याकडं आली. मी चरखी फिरवत होते.

"मावशी, कसं करू?"

"आपली रीत तुले ठाऊक हाय, बाई."

"रीत ठाऊक हाय. ज्वारी कुठून आनू ते सांगा."

मी म्हटलं, माझी अर्धी चरखी तू घे, सकाळी मी, दुपारी तू. तशी ती हसली. "मावशी, या चरखीवर तुमचंच भागून नाई राहिलं. त्यातच मी, पोरगी, तुमी आन् आंधळी म्हातारी? चौघी मिळून दांडा चाटू का?"

तिचं खरं होतं. मी पुन्हा दांडा फिरवायला लागले. दुसरं काय करणार होते?

पहिल्या वेचणीला ती गेली; बाकीच्यांच्या घरी मिळवता माणूस होता, त्या गेल्या नाहीत. तिनं आपल्या मनानंच एक तोड काढली होती. हात जोडायच्या वेळी वाकून पायातला काटा काढत बसली. दहीभात हातावर पडला तेव्हा तोंड फिरवून खाल्ल्यासारखं केलं आणि घास पदरात बांधून टाकला. घरी जाताना ओढ्याकाठी पाखरांना टाकू, म्हणजे देवाचाही अपराध नाही आणि पाटलिणीचाही नाही, असा तिचा हिशेब. पण त्या भाताचा एक नेम तिला ठाऊक नव्हता, कारण आमच्यातली कुणी कधी तिथं गेलेलीच नव्हती. सीतादहीचं शीतसुद्धा शेताबाहेर जाऊ द्यायचं नसतं. गेलं, की शेताची लक्ष्मी त्या घरी गेली.

दुपारी दही झिरपून पदर ओला झाला. शेजारच्या ओळीतली बाई ओरडली, "अवं, इचा पदर पाहा व! काय बांधलं ईनं?" बायांनी गाठ सोडली. पुढं काय झालं ते मोर्शीवालीनं मला धड सांगितलं नाही. वेचलेला कापूस तिथंच ठेवून, मोकळ्या हातानं ती घरी आली एवढं मी पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की तिनं पाटलांच्या शेताची बरकत पदरात बांधून चोरून नेली. मग दुसरं कोण तिला आपल्या शेतात पाऊल टाकू देणार?

त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवरही ठिणगी पडली. आमच्या पाचांतली थोरली म्हातारी सटवाईसारखे डोळे करून म्हणाली, "नैवेद्य हाती घेतला ईनं. बाबा येऊन प्रायश्चित्त देईपर्यंत पंगतीत बसवू नका."

"खाल्ला नाई म्या, आजी!"

"घेतला का नाई?"

म्हणजे देवाच्या माणसांना तिनं तो घेतल्याचा राग, आणि शेताच्या माणसांना तो न खाल्ल्याचा. एका घासापायी दोन्ही दारं बंद झाली. बाबा यायचे माघात, तोवर अजून अख्खा हिवाळा लोटायचा होता. मी म्हातारीला नुसतं म्हटलं, बसू द्या तिला उंबऱ्यापाशी. ती उंबऱ्यापाशी बसली. तिथूनच तिनं आरती म्हटली, आणि म्हातारी डोळे मिटून ऐकत होती, हेही सांगते.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना जेवू घालून मी पाटलांच्या वाड्यावर गेले. पाटलीणबाई तूर पाखडत होत्या.

"या भगतीणबाई. तुमच्या देवानं पाठवलं का पोटानं?"

"दोघांनीबी. बाई, तिच्या मनात चोरी नव्हती. तुमच्या रीतीची तिले खबर नव्हती."

त्यांनी सूप खाली ठेवलं. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "माह्या मनात राग नाई व. पन मानसं घाबरली हायेत. तिनं उद्या यावं, नवा दहीभात करतो, सगळ्याईच्या देखत बांधावर बसून खावा. दोष फिटला. मंग वर्षभर वेचू दे. पोरीलेबी आनजो म्हना, सावलीत खेळंल."

याहून सोपं काय असतं? एक घास. मी तो निरोप घेऊन निघाले आणि सगळी वाट पाय ओढत चालले. निरोप नुसता दिला तर तो माझाच सल्ला होणार, आणि दाबून ठेवला तर तिच्या लेकराच्या तोंडची भाकर मी काढली असं होणार.

मी तिच्या घरी जाऊन तो जसाच्या तसा सांगितला. मुलगी भिंतीशी सरकीच्या बिया मांडून घर घर खेळत होती.

"तुमी सांगा मावशी. तुमी खा म्हनलं तर खातो. नको म्हनलं तर नाई."

पोथीतल्या ओळी मला झोपेतही येत, पण या प्रश्नावर बोट ठेवावं अशी एक ओळ आठवेना. खा म्हणावं तर बाबांनी मला ओसरी कशाला दिली? नको म्हणावं, तर माझ्या घरी तरी ज्वारीची कणगी कुठं भरली होती? मी तिच्या मुलीच्या केसातली रुई वेचत बसून राहिले. मग तीच म्हणाली, "राहू द्या मावशी. तुमालेबी जड चाललं."

अकोल्याकडं तेव्हा आगगाडीच्या सडकेचं मातीकाम निघालं होतं. तिथं टोपली उचलली की झालं, कुणाचा देव कुणी विचारत नसे. एका भल्या सकाळी तिकडं निघालेल्या कापसाच्या गाड्यांबरोबर ती निघाली. मी दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून दिला. तिनं वाकून "दंडवत" म्हटलं. मुलीनंही म्हटलं, बोबडं. ती थोरली म्हातारीही आली होती काठी टेकत. मुलीच्या हातात गुळाचा खडा ठेवला आणि माझ्या आधी परत फिरली.

त्या संध्याकाळी पोथी झाली. आरतीची वेळ आली आणि सगळ्या माझ्याकडं पाहू लागल्या. मी उचलली. आवाज दुसऱ्याच ओळीत फुटला. म्हातारी पुटपुटली, "जरा खालून घ्या." खालून घेतली, तर कुणालाच पुरेना. कशीबशी संपवली.

माझा मालक अकोल्याला जाई तेव्हा मी विचारायला सांगे. तो म्हणे, मातीकामावर इतकी माणसं, मोर्शीच्या बाया का थोड्या? तिचा पत्ता लागला नाही.

पुढल्या वर्षी कापूस फुटला आणि सीतादहीचा दिवस आला. आमच्यातल्या दोघी त्या संध्याकाळी उशिरा आल्या. ओसरीची पायरी चढल्या तसा त्यांच्या हातांना दह्याचा वास आला. म्हातारीलाही आला असावा, तिचं नाक तिखट. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "रांजणात पानी हाय. हात धुवा आन् बसा." त्यांनी हात धुतले आणि बसल्या. म्हातारीनं त्यांच्यासाठी जागा सरकवली.

तेव्हापासून वेचणीच्या दिवसांत मी विचारत नाही, त्या सांगत नाहीत. बाबांनी विचारलं असतं तर काय सांगावं, हे मला तेव्हाही सुचलं नव्हतं आणि आज इतकं वय झालं तरी सुचत नाही. आरती मीच म्हणते. खालूनच घेते.